‘चार महिने नुसती कोडीच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

आमच्या कोड्यांच्या क्लासला दोन स्टार देताना तुम्ही तीन तक्रारी केल्या आहेत: चार महिने मुलगा नुसती कोडी सोडवतोय, सर उत्तर सांगत नाहीत, आणि गणिताचे मार्क होते तिथेच आहेत.

मार्कांचं आधी. कोड्यांनी मार्क वाढतात असं आम्ही प्रवेश देताना कुणालाच सांगत नाही, बोर्डावरही तसं लिहिलेलं नाही. मेंदूचे खेळ खेळा, शाळेत चमका, अशी जाहिरात करणाऱ्या ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपला २०१६ साली अमेरिकेत वीस लाख डॉलर मोजावे लागले, कारण दाव्यामागे पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. तसलं दुकान आम्हाला मांडायचं नाही.

सर उत्तर सांगत नाहीत हे खरं आहे आणि यापुढेही सांगणार नाहीत. आपल्याकडे केनकेन हे चौकटीत अंक भरायचं कोडं सोडवतात. जपानमधले गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी ते २००४ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी काढलं, तेही शिक्षकाने न शिकवता मुलांनी शिकावं म्हणूनच. चार बाय चारच्या कोड्यात शेजारच्या दोन घरांचा गुणाकार १२ दिला, की पाढे पाठ असलेलं मूल पटकन २ आणि ६ लिहून मोकळं होतं. पण या कोड्यात १ ते ४ एवढेच अंक चालतात, आणि ही सूचना वरच छापलेली असते! पाढा चुकलेला नसतो, सूचना वाचलेली नसते. सरांनी तिथे ‘३ आणि ४ लिही’ म्हटलं तर घर भरेल, सूचना न वाचण्याची सवय तशीच राहील. म्हणून सर फक्त ‘कशावरून?’ विचारतात आणि थांबतात. बाहेरून बघणाऱ्याला ते नुसते बसलेले दिसतात, त्याला इलाज नाही.

नावाडी, वाघ, शेळी आणि गवताचं कोडंही तसंच: नावेतून एका वेळी एकालाच पलीकडे न्यायचं, आणि वाघ-शेळी किंवा शेळी-गवत मागे एकटं सोडायचं नाही. सात फेऱ्यांत सुटतं, पण चौथ्या फेरीत पलीकडे नेलेली शेळी परत अलीकडे आणावी लागते आणि बहुतेक मुलं तिथेच अडतात. केलेलं मागे घ्यायला मन तयार होत नाही. वर्गात गणित अडलं की पान उलटून पुढे जाणारी मुलं हीच असतात.

तुमच्या मुलाबद्दल इथे चारचौघांत लिहिणार नाही. त्याच्या वहीत प्रत्येक कोड्याखाली ‘कारण’ लिहिलेलं असतं. पहिल्या महिन्यातली आणि आताची कारणं शेजारी ठेवून वाचा.

स्कॉलरशिपची तयारी हवी असेल तर मात्र आमचा क्लास त्यासाठी नाही. तिथे बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न धरून अख्ख्या पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास, म्हणजे वेगाला महत्त्व. त्यासाठी स्कॉलरशिपची वेगळी बॅच लावा. पुढच्या महिन्यांची आगाऊ भरलेली फी पावती दाखवून ऑफिसातून परत घेता येईल.