तंबूत जायच्या आधी शुगर तपासा
शरीरसंबंधातल्या अडचणींवर नवराबायकोनं मोकळं बोलावं हे तुमच्या लेखातलं पटलं, पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात एकाच खोलीत सासूसासरे, लेकरं, अन् दिवसभर वावरातून थकून आलेले दोघं, बोलतील कवा? माणसाला ताठरता येत नसली का तो सरळ रोडवरच्या जडीबुटीच्या तंबूत जाते, शुगर बीपी तपासत नाही, खर्रा (तंबाखू-सुपारीचा) सोडत नाही, अन् ताठरता आणणाऱ्या रक्ताच्या नसा तर या शुगर, बीपी अन् खर्र्यानंच खराब होतात. छातीदुखीची सॉर्बिट्रेट गोळी चालू असताना ताठरतेची वायग्रा घेतली तर बीपी एकदम पडून जीव जाऊ शकते, हे तंबूवाला सांगत नाही! बायांचं तर कोणी विचारतच नाही, पाळी गेल्यावर कोरडेपणानं दुखते अन् ते बिचारी गप सहन करते. मेडिकलमधे ओलाव्यासाठी वॉटर बेस (पाण्याचं) जेल मिळते, ते वापरा, निरोध असंन तर खोबरेल तेल लावू नका, रबर फाटते.