बाभूळ ‘अकेशिया’ का राहिली नाही?

एका लेखात ‘दिसायला सारख्या जातींचा गट म्हणजे प्रजाती (इंग्रजीत ‘जीनस’)’ असं म्हटलंय. इथे थोडं थांबायला हवं. सारखेपणा फसवा असतो. आज बहुतेक अभ्यासक पाहतात ते हे, की गटातल्या सगळ्या जाती एकाच पूर्वजापासून आलेल्या असाव्यात आणि त्याचा कोणताही वंशज बाहेर राहू नये.

बाभळीचंच घ्या. पानाच्या बुडाशी जोडीने येणारे तिचे सरळ काटे म्हणजे मुळात उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारे पानासारखे छोटे अवयव. खैराचे आकड्यासारखे वाकडे काटे मात्र सालीपासून निघतात. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक अकेशियांना तर खरी पानं नसतातच, देठच चपटा होऊन पानाचं काम करतो. हे सगळं पूर्वी एकाच ‘अकेशिया’त होतं. डीएनए तपासल्यावर ती प्रजाती फोडावी लागली.

मग मूळ नाव कोणाकडे राहणार? नियम असा, की प्रत्येक प्रजातीच्या नावाला एक प्रारूप जाती, म्हणजे नमुना म्हणून ठरवलेली जाती, बांधलेली असते, ती जाईल तिकडे नाव जातं. त्या हिशोबाने नाव बाभळीकडेच राहायचं. पण ऑस्ट्रेलियात सुमारे हजार जातींची नावं बदलावी लागली असती, म्हणून २००५ साली व्हिएन्नाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये प्रारूपच बदललं आणि २०११ साली मेलबर्नला ते कायम राहिलं. बाभूळ झाली ‘व्हॅचेलिया निलोटिका’, खैर ‘सेनेगॅलिया कॅटेचू’. सोयीसाठी घेतलेला हा निर्णय मला आजही पटत नाही. ‘अकेशिया’ हा शब्दच काटेरी झाडासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला, आणि आता ज्यांच्याकडे तो गेलाय त्यातल्या बहुतेकांना काटेच नाहीत!