माणशी साडेचारशे, मजुरीसकट

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा बाजारात टोमॅटो 40 रुपये किलो होते आणि आमच्या घरात अर्धा किलो होते. माझी दोन्हींबद्दल काही तक्रार नव्हती.

मेसेज असा होता : ‘चला शेतावर! आपले टोमॅटो आपणच तोडू या! नारायणगावजवळ. माणशी 450 रुपये. नाश्ता, बैलगाडी, पिठलं-भाकरी आणि स्वतः तोडलेले 3 किलो टोमॅटो घरी!’ खाली बैलगाडी, सूर्यफूल आणि जोडलेले हात. टोमॅटोच्या सहलीत सूर्यफूल कशाला, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी अंगठे दाखवले. त्यातला एक अंगठा माझ्या नवऱ्याचा होता.

मी हिशेब केला. आम्ही चौघं, 1800 रुपये, 12 किलो टोमॅटो. म्हणजे दीडशे रुपये किलो, पेट्रोल वेगळं, आणि तोडायचे आपणच. नवरा म्हणाला, “अगं, सगळ्यात हिशेब काय बघतेस? पोराला कळायला नको का, टोमॅटो कुठून येतो ते?” पोरगं नववीत आहे. टोमॅटो कुठून येतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो फोनमधून निघतो आणि दहा मिनिटांत खाली गेटवर येतो.

सासूबाईंचं माहेर निफाडकडचं. लग्न होईपर्यंत त्यांचं निम्मं आयुष्य रानात गेलेलं. त्यांना विचारलं, तर त्यांनी दोनच प्रश्न केले.

“पैसे आपणच द्यायचे?”

“हो, आई.”

“आणि तोडायचेही आपणच?”

“हो.”

“बरं,” म्हणाल्या आणि कपाटातून एक विटकं लुगडं काढून पिशवीत घातलं. आमच्यापैकी शेतावर जायची खरी तयारी तेवढ्या एका माणसानेच केली होती. नवऱ्याने रुंद काठाची हॅट आणली, सनस्क्रीन आणलं आणि ‘शेतातले फोटो कसे काढावेत’ यावर एक व्हिडिओ पाहिला.

नारायणगाव पुण्याहून 75 किलोमीटरच्या आसपास आहे. पण नाशिक रस्त्यावर किलोमीटरला काही किंमत नाही. तिथे प्रवासाचे दोनच भाग असतात, चाकणच्या आधीचा आणि चाकणच्या नंतरचा. रविवारी कारखाने बंद, म्हणजे ट्रक नसणार, असा नवऱ्याचा सिद्धांत होता. ट्रकवाल्यांना तो कोणी कळवला नव्हता. चाकणच्या चौकात आमच्या पुढे मोटारी लादलेला एक लांबलचक कंटेनर होता. त्यातल्या मोटारी आमच्या मोटारीपेक्षा निवांत प्रवास करत होत्या, कारण त्यांच्यात माणसं नव्हती आणि कोणी “अजून किती?” विचारत नव्हतं. राजगुरुनगर, मंचर मागे पडलं आणि नारायणगाव आलं, तोवर नाश्त्याची वेळ होऊन गेली होती. नाश्ता मात्र झाला नव्हता.

ज्यांच्या शेतावर गेलो ते पस्तिशीतले दादा, फार हुशार माणूस. आल्या आल्या त्यांनी कपाळाला गंध लावलं, डोक्यावर पांढरी टोपी चढवली आणि टोपीचे 50 रुपये वेगळे असल्याचं नम्रपणे सांगितलं. मग सगळ्यांना बांधावर उभं करून माहिती दिली.

सोसायटीतल्या मंडळींच्या मनात शेताचं एक चित्र असतं. गवत, पाखरं, मध्येच झाड, झाडाखाली गाय. समोर होत्या बांबू रोवलेल्या, तारा ताणलेल्या लांबच लांब ओळी. प्रत्येक झाड सुतळीने तारेला बांधलेलं, बुडाशी चंदेरी मल्चिंग पेपर आणि त्याखालून ठिबकच्या नळ्या. आमच्याकडच्या एका काकांचा चेहरा पडला. “एवढं प्लॅस्टिक?”

“तण येत नाय, पाणी उडून जात नाय,” दादा म्हणाले.

“पण हे ऑरगॅनिक आहे ना?”

“काका, परवा पाऊस झाला. पावसानंतर करपा येतो. वर नागअळी, फळात शिरणारी अळी वेगळीच. औषध मारावं लागतं. पण तुम्हाला दिलेल्या ओळींची फवारणीनंतर थांबायची मुदत उलटून गेलीय. धुऊन खावा.” एवढं सरळ उत्तर काकांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी ‘ऑरगॅनिक’ हा विषय बैलगाडीकडे नेला.

मग नवऱ्याने सूत्रं हाती घेतली. लांबवर खोडदच्या दुर्बिणीची एक तबकडी दिसत होती. नवरा दादांना समजावू लागला की ही जीएमआरटी, अशा 30 तबकड्या आहेत, एकेकीचा व्यास 45 मीटर, अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी पकडतात. दादांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हां, ती आमच्या चुलत्यांच्या रानाच्या शेजारची. लहानपणी तिच्या सावलीत शेरडं राखलीत.” नवऱ्याने हॅट नीट केली.

पलीकडे ऊस होता. पोरगं तिकडे निघालं, तेव्हा दादांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. जुन्नर तालुक्यात उसाकडे उगाच जायचं नसतं, बिबट्या असतो. आमच्या मंडळींना मोठीच गंमत वाटली, सगळे फोन उसाच्या दिशेने उठले. दादांना वाटली नाही. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची येते आणि पाणी द्यायला याच उसाच्या कडेने बॅटरी घेऊन जावं लागतं. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढे चला म्हणाले. त्याचा फोटो निघत नसल्यामुळे फोन खाली आले.

आता तोडणी. टोमॅटो तोडण्यात काय असतं, असं मला वाटत होतं. हात लावायचा, ओढायचा. दादांनी दाखवलं की देठावर एक गाठ असते, तिथे अंगठा टेकवून फळ किंचित वर उचललं की ते आपोआप हातात येतं. ओढलं तर फांदी येते. आमच्या गटाच्या हातात फांद्याच आल्या. फांदीला लटकलेले हिरवे टोमॅटोही आले आणि एका आजोबांच्या हातात सुतळी आणि बांबू आला.

त्यात कुठले तोडायचे हा घोळ. आम्ही पुण्याची माणसं, लालभडक दिसेल त्यावर तुटून पडलो. शेजारच्या ओळीत तोडणाऱ्या मावशी बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. “ओ ताई, त्यो लाल नका घेऊ. त्यो आजचा उद्या न्हाई राहणार. रंग फिरलेला घ्या, खालनं जरा गुलाबी झालेला. घरी पिकतो. आन देठ ठेवू नका त्याला, शेजारच्याला टोचतो.” मी मान डोलावली. नवरा म्हणाला, “फोटोत लालच बरे दिसतात,” आणि देठासकट लाल वेचत राहिला. देठामुळे म्हणे ताजेपणा कळतो.

मावशींच्या गटाचं काम बघण्यासारखं होतं. दोन्ही हात दोन वेगळ्या झाडांत आणि तोंडाने कुणाच्या तरी सुनेचं सविस्तर परीक्षण. फळाकडे नजरसुद्धा नाही. बादली भरली की कॅरेटमध्ये ओतायची, 20 किलोचं कॅरेट डोक्यावर घेऊन बांधापर्यंत जायचं, परत यायचं आणि सून जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू. त्यांना याचा रोज मिळतो. आम्ही त्याच कामाचा रोज भरून आलो होतो, आणि आमचं काम बघता दादांनी आणखी मागायला हवा होता.

सासूबाई या सगळ्यात कुठेच नव्हत्या. लुगडं नेसून, पदर खोचून त्या आमच्या ओळीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, “या ओळीचा तोडा कालच झालाय. उरलंसुरलं आपल्याला दिलंय.” एवढं बोलून त्या सरळ मावशींच्या ओळीत शिरल्या. तिथे त्यांना कोणी अडवलं नाही. थोड्याच वेळात सुनेच्या चर्चेत एक नवा, निफाडच्या वळणाचा आवाज ऐकू यायला लागला. मी मुद्दाम लांबच्या झाडाकडे गेले. काही गोष्टी ऐकू न आलेल्या बऱ्या.

आणि हात. टोमॅटोच्या झाडाला बारीक लव असते, त्या लवेत चिकट रस असतो. लागतो तेव्हा दिसत नाही. वाळला की आधी हिरवा दिसतो, मग काळा. तासाभरात आमच्या अख्ख्या गटाचे हात गॅरेजात काम केल्यासारखे झाले. साबण लावला तर पिवळा फेस निघतो आणि काळं तसंच राहतं. सगळ्यात वाईट म्हणजे फोन बोट ओळखेनात. एरवी दिवसभर चमकणारे पडदे बंद पडले आणि बांधावर खरीखुरी शांतता पसरली. मावशींनी एक हिरवा टोमॅटो फोडून माझ्या हातात दिला. “चोळा ह्यो.” चोळला, आणि निघालं. टोमॅटोचे डाग टोमॅटोनेच जातात, हे मेसेजमध्ये सूर्यफुलाच्या जागी लिहायला हवं होतं.

जेवताना दादांना भावाबद्दल विचारलं. त्या दिवशी नारायणगावच्या मार्केटला कॅरेट 140 रुपयांनी गेलं होतं, म्हणजे किलोला 7. त्यातून तोडणी, गाडीभाडं, हमाली. “2023 च्या जुलैत हेच कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं,” दादा भाकरी वाढत म्हणाले. “तवा रात्री रानात झोपायचो, राखणीला. तवा तुम्ही टोमॅटो तोडायला येतो म्हणाला असता, तर काठी घेऊन उभा राहिलो असतो.” सगळे हसले. “आन मग दोन-तीन महिन्यांत भाव असा पडला की लोकांनी रस्त्यावर ओतला.” यावर कोणी हसलं नाही. काकांनी पिठलं चांगलं झाल्याचं सांगितलं.

मला मात्र दादांचं गणित फार आवडलं. मार्केटला 7 रुपये आणि भाडं अंगावर. आम्हाला दीडशे रुपये, आणि माल न्यायला गिऱ्हाईक स्वतःच्या गाडीने आलेलं. जादा टोमॅटो 25 रुपये किलो. शेतीमालाला भाव मिळवून द्यायला कोणकोण निघालं आणि थकलं, पण हा मार्ग एका माणसाला सापडला होता. त्यात पुणेकर लागतात एवढंच, आणि त्यांचा पुरवठा बारमाही आहे.

निघताना दादा सासूबाईंपाशी आले. त्यांनी तोडलेलं कॅरेट बांधावर होतं. काठोकाठ भरलेलं, एका मापाचं, देठ नसलेलं. “आजी, तुमचे पैसे मी घेत नाय,” म्हणाले आणि 450 रुपये परत केले. “सोमवारपासनं येता का?” सासूबाईंनी रोज किती ते विचारलं. दादांनी सांगितला. त्यांनी थोडा विचार केला. हा विचार आमच्या गाडीत चाकणपर्यंत चालू होता.

साडेचारशे वाचल्याच्या आनंदात नवऱ्याने ते अख्खं कॅरेट विकत घेतलं. पाचशे रुपये. म्हणजे 20 किलो हे, आणि पिशव्यांमध्ये आम्ही तोडलेले लाल 12 किलो.

पुढच्या दिवसांविषयी थोडक्यात सांगते. सार झालं, कोशिंबीर झाली, दाण्याचं कूट घालून चटणी झाली, बेसनाचं टोमॅटो ऑम्लेट झालं, पुन्हा सार झालं. पोराने डबा उघडून बघणं बंद केलं. वाटीभर चटणी घेऊन मी वरच्या मजल्यावर निघाले, तर जिन्यात वरच्या वहिनी वाटीभर चटणी घेऊन खाली येताना भेटल्या. आम्ही दोघींनी एकमेकींच्या वाट्या पाहिल्या आणि पाऊस कधीपासून लागेल यावर बोललो. कामाच्या ताई पहिल्या दिवशी पिशवीभर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, “टोमॅटो देणार असाल तर उद्याची सुट्टी घेते.” मग मी सॉस करायला घेतला. टोमॅटोत जवळपास 95 टक्के पाणी असतं. ते आटवायला सिलेंडर लागतो आणि राहिलेल्या 5 टक्क्यांतलं बरंचसं भिंतीवर उडतं. एवढं करून बाटली भरली एक. तीही गळ्यापर्यंत नाही.

शनिवारी खाली भाजीवाले काका हातगाडी लावून बसले होते. मला बघताच म्हणाले, “ताई, काय झालंय काय तुमच्या सोसायटीला? आठवडा झाला, कोण टोमॅटोला हात लावत नाय. मी आणायचेच बंद केले.” मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “मग राहिले असतील तर आणा खाली, बघतो.”

मी पोराला घेऊन वर गेले आणि सगळे उतरवले. पिशव्यांतलेही, कॅरेटमधलेही. काकांनी गोणपाट अंथरलं आणि न बोलता निवडायला बसले. एकेक उचलायचे, देठापाशी अंगठ्याने दाबायचे, डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायचे. डावीकडचा ढीग मऊ, टोचलेला, पाणी सुटलेला. उजवीकडचा लाल, टणक, दुकानात मांडावा असा.

“हे पाहा,” डावीकडे बोट दाखवून म्हणाले, “हा सगळा बदला, म्हणजे हलका माल. देठासकट तोडलाय, पिकलेला तोडलाय. आणि हा,” उजवीकडचा एक हातात घेऊन त्यांनी नीट न्याहाळला, “हा कुणी तोडला?”

“सासूबाईंनी.”

“त्यांचे 15 रुपयांनी घेतो,” काका तराजू ओढत म्हणाले. “बाकीचे तुम्ही घेऊन जा. सॉस करा.”