पिनकोड तपासायचाय? मग काकांना सोडू नकोस

भावा, फॉर्ममध्ये पिनकोडचा रकाना ठेवणार असशील तर आधी एक मनात पक्कं कर, समोरचा माणूस थापाड्या आहे. सांगलीचा आहे म्हणतोय, पण कशावरून? लाव रेजेक्स, म्हणजे लिहिलेलं ठरल्या साच्यात बसतं का ते तपासणारं सूत्र. कुठून तरी कॉपी मार, समजून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, सहा आकडे दिसले की बास. पिन इथं सुरू नि इथं संपला हे सांगणारी सुरुवातीची नि शेवटाची खूण तर त्यात टाकूच नकोस, म्हणजे सात आकडी पिन पण झोकात आत जातो. सहा शून्यं पण जाऊ देत. पिनकोड ही श्रीराम वेलणकरांनी आखलेली पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि तिच्यात पहिला आकडा शून्य नसतोच, पण ते संस्कृतचे पंडित, आपल्याला कशाला एवढं खोलात जायचं.

कडकपणा दाखवायचा तो खऱ्या पत्त्याला. आमच्या काकांनी ४१६ ४१६ असं मधे जागा सोडून लिहिलं, पोस्टाच्या पाकिटावर आयुष्यभर तसंच लिहीत आलेत. लगेच लाल अक्षरात 'अवैध पिनकोड'. काय चुकलं ते सांगायचं नाही हं, मजा जाते. ती मोकळी जागा काढायला कोडची एक ओळ लागते, पण ती तू का लिहायचीस, काका रिकामेच आहेत की! मग त्यांनी जागा काढली, तर कीबोर्ड मराठी. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचा रेजेक्स देवनागरी आकड्यांना आकडे मानत नाही आणि मागे सर्व्हरवर पायथन असेल तर तो मानतो, म्हणजे दारातला वॉचमन हाकलतोय आणि आतून मालक या या म्हणतायत.

लईच हुशार असशील तर पिनवरून जिल्हा पण ओळखून टाक. ४१६ म्हणजे सांगली, ४१५ म्हणजे सातारा, ४१२ म्हणजे पुणे, विषय संपला. सांगली जिल्ह्यातल्या विट्याची मावशी ४१५३११ टाकेल तिला साताऱ्याला पाठव, सातारा जिल्ह्यातल्या वाईचा ४१२८०३ दिसला की पुण्यात ढकल, आणि रत्नागिरीचा पिन पण ४१५ नेच सुरू होतो, तेव्हा समुद्रसुद्धा साताऱ्यालाच आण, आमची कुणाची हरकत नाही.

आणि हो, रकाना सक्तीचाच ठेव. कराडचा पोरगा दुबईला असतो, तिथं पोस्टकोड हा प्रकारच नाही, त्यानं काय भरायचं? सहा शून्यं. चालतात की!

काकांनी पण शेवटी नातवाकडून कीबोर्ड बदलून घेतला आणि वैतागून तीच सहा शून्यं दाबली. हिरवी टिक आली. पार्सलचा अजून पत्ता नाही.