घर मेलबर्नला आणि गौंडी वडगावचा?

मेलबर्नच्या पश्चिमेला घर बांधालोय म्हटल्यापासून बेळगावचा प्रत्येक माणूस एकच विचारालाय, कंत्राटदार आपला हाय काय? नाही ओ, इथलाच हाय. मुद्दाम तसाच बघितला.

आधी एकदा ‘आपला माणूस’ म्हणून एकाला मागच्या अंगणात शेड घालायला दिलेलं. लिहून काय घेतलं नाही, गणपतीला घरात जेवून गेलेल्या माणसाकडं करार कसा मागायचा? निम्मे पैसे आधी घेतले, चार खांब रोवले, फोन उचलायचा बंद झाला. चूक माझीच. इथं व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्न ज्यात येतं तिथं, २० हजार डॉलरच्या वरच्या घरकामाला ५ टक्क्यांच्या वर ॲडव्हान्स घेताच येत नाही, कायदाच हाय. पुढं पाया झाला की १० टक्के, फ्रेम उभी राहिली की १५, छप्पर दारं खिडक्या लागून घर बंद झालं म्हणजे लॉकअप की ३५, आतलं फिटिंग झालं की २५, राहिलेले शेवटी. सणाला उचल बिचल काय नाही.

पण पैशापेक्षा मातीचं जास्त महत्त्वाचं. आमचे आप्पा जन्मभर गौंडीकाम केलेले. बेळगावकडच्या येळ्ळूर-वडगावची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिथं खानापूरकडच्या तांबड्या मातीतला हिशोब चालत नाही, हे त्यांना माती नुसती बोटांत चोळून कळतं. आता इथली माती पण तसलीच निघाली, बसाल्टवरची चिकण. मला वाटलं आप्पांना सगळं ओळखीचं वाटणार, तर व्हिडिओ कॉलवर बघून ओरडले, “आरं, घराखाली थर्माकोल घालालेत की रे!”

खरंच घालतात. थर्माकोलचे मोठे ठोकळे जमिनीवर मांडायचे, मधल्या गाळ्यांत सळई, वरून एकदम काँक्रीट, की बीम आणि स्लॅब एकाच वेळी तयार, वॉफल स्लॅब म्हणतात. त्याच्यावर लाकडी फ्रेम, आणि वीट नुसती बाहेरून, तिच्यावर छपराचं वजन पण नाही. आपला गौंडी कितीही हुशार असला तरी हे त्यानं कुठं बघितलंय? वायरिंगला तर लायसनवालाच लागतो, काम झाल्यावर तो सर्टिफिकेट देतो, स्वतः हात लावायचा नाही.

त्रास नाही असं नाही. साडेतीन वाजले की सामान गाडीत, पाऊस आला की कोण फिरकत नाही, चहा विचारला तर स्वतःचा थर्मास दाखवतात. (ह्याचं आईला लई वाईट वाटलं.)

आप्पा अजून त्या थर्माकोलवर रागच धरून हाईत. पण रोज सकाळी फोन येतो, “लॉकअप झालं काय रे? नाही ना? मग पैसे सोडू नको.”