रोर्क व्हायचंय? डबा घेऊन जा

सगळ्यात आधी, माणसाने फक्त स्वतःसाठी जगावं असं सांगणारी आयन रँडची फाउंटनहेड ही कादंबरी योग्य वयात वाच. म्हणजे अकरावीत. दहावीला बोर्डाचं टेन्शन असतं आणि पंचविशी उलटली की माणूस नको तिथे विचारायला लागतो की या हिरोचे कपडे कोण धुतं, त्यामुळे अकरावीच बेस्ट. पुस्तक सातशे पानांचं आहे म्हणून घाबरायचं काही नाही, जाडी हाच तर निम्मा फायदा, क्लासच्या बॅगेतून ते अर्धं बाहेर आलं पाहिजे आणि कव्हर लोकांच्या बाजूला.

सुरुवातीलाच हॉवर्ड रोर्क कड्याच्या टोकाला नागडा उभा राहून हसतो, कारण त्याला त्याच दिवशी आर्किटेक्चर कॉलेजातून काढून टाकलेलं असतं. युनिट टेस्टला फिजिक्समध्ये पंचवीसपैकी सहा पडले की तू पण हसायचं. कपडे मात्र राहू देत, आपल्याकडे कडा नाहीये, सोसायटीची गच्ची आहे आणि तिथे जोशी काकू पापड वाळत घालायला येतात.

मग वर्गातल्या पोरांची वाटणी कर. रोर्क एकच, तो कोण हे सांगायला नको. उरलेले सगळे पीटर कीटिंग, म्हणजे लोक काय म्हणतील यावर जगणारे. या कीटिंगला खरं तर चित्रकार व्हायचं होतं पण आईने आर्किटेक्चरला घातला, हे वाचताना तुझा सायन्सचा फॉर्म कोणी भरला होता ते आठवायला लागलं तर पटकन पान उलट. मला आजवर एकही वाचक असा भेटला नाहीये की ज्याला वाटलं अरे हा कीटिंग म्हणजे मीच. तू उगाच रेकॉर्ड मोडू नकोस.

आता घरच्यांना सांगायचं, जेवताना, पहिली पोळी संपल्यावर. "मी दुसऱ्या कोणासाठी जगणार नाही." आई म्हणेल, "बरं, मग उद्या क्लासवरून येताना कोथिंबीर आण." आणायची. दहा रुपयांच्या जुडीवर तत्त्व खर्च करायचं नसतं. गणपतीची वर्गणी मागायला काका आले की मनातल्या मनात त्यांना एल्सवर्थ टूही म्हणायचं, तोच तो त्यागाचं गोड गोड बोलून सगळ्यांना गुंडाळणारा व्हिलन. प्रसादाचा मोदक घ्यायला हरकत नाही, तो वेगळा विषय.

हे पचलं की रँडचीच पुढची कादंबरी, अ‍ॅटलस श्रग्ड. १९५७ सालचं, हजाराच्या वर पानं, कर्तबगार माणसं संपावर जाऊन कोलोरॅडोच्या एका दरीत लपतात आणि त्यांच्याविना जग बंद पडतं. त्यात जॉन गॉल्टचं रेडिओवरचं भाषण आहे, साठेक पानांचं, ते मी तीनदा सुरू केलंय. तूही संप कर, खोलीला आतून कडी लाव आणि जग बंद पडायची वाट बघ. साधारण चारच्या सुमारास जग दार वाजवतं आणि विचारतं, चहा गरम करू का परत.

लेखिकेचं चरित्र मात्र अजिबात वाचू नकोस. त्यात फार व्यत्यय आहेत. आयन रँड १९२६ मध्ये रशियातून अमेरिकेला गेली तेव्हा पहिले काही महिने शिकागोच्या नातेवाइकांकडे राहिली, आणि म्हातारपणी तिने सरकारची सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणाची पेन्शन, पण घेतली. यावर तिच्याकडे उत्तर होतं हां, आपलेच कापलेले पैसे परत घेण्यात चूक काय. मुद्दा भारी आहे, पॉकेटमनी मागताना वापर, फक्त तुझे कधी कापले होते असं बाबांनी विचारू नये. तिच्या घरी शिष्यांचा जो अड्डा जमायचा त्याला ते लोक गमतीने 'कलेक्टिव्ह', म्हणजे समूह, म्हणायचे, आणि त्या अड्ड्यातले अ‍ॅलन ग्रीनस्पॅन पुढे १९८७ ते २००६ अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष होते. तेव्हा सरकारी नोकरी लागली तर लाजू नकोस.

शेवटचं, पेन्सिलच्या खुणा. कोर्टातलं रोर्कचं भाषण आलं की पेन्सिल घ्यायची आणि जे वाक्य जगात फक्त तुलाच कळलंय त्याच्याखाली रेघ मारायची. मी मारायला गेलो तर तिथे आधीच रेघ होती. पुढच्या पानावर पण, नेमक्या माझ्याच वाक्याखाली, आणि समासात दोन उद्गारचिन्हं. कॉपी माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेली, बाबांच्या हॉस्टेलच्या सामानात. आमचे बाबा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, दर महिन्याच्या पाच तारखेला मेंटेनन्ससाठी लोकांच्या बेल वाजवणारे. मी पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, म्हटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाले, "अरे हे आहे होय अजून. त्या रेघा माझ्या नाहीत, आधीपासूनच होत्या. आणि जपून वाच, कॉलेजच्या लायब्ररीचं आहे, परत करायचं राहिलंय."