प्लेअरमध्ये दुकान घालताय? गल्ला बाहेर ठेवा

डेस्कटॉपच्या म्युझिक प्लेअरला ऑनलाइन दुकान जोडायचं म्हटलं की बहुतेक जण एकच करतात. प्लेअरच्या खिडकीत वेबकिट, म्हणजे वेबपानं दाखवणारं इंजिन, बसवायचं, त्यात दुकानाचं संकेतस्थळ उघडायचं, झालं दुकान! डेमोला झकास दिसतं. वापरायला घेतलं की रडगाणं सुरू. माझं मत सरळ आहे: कॅटलॉग प्लेअरमध्ये, पैसे देणं-घेणं ब्राउझरमध्ये.

उबुंटू या लिनक्स सिस्टीमच्या १०.०४ आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०१० ला, रिदमबॉक्स या प्लेअरमध्ये उबुंटू वन म्युझिक स्टोअर आलं ते याच वेबकिटच्या वाटेने. माल सेव्हनडिजिटल या ऑनलाइन संगीत विक्रेत्याचा. विकत घेतलेलं गाणं आधी उबुंटू वन या क्लाउड सेवेच्या खात्यात जायचं आणि तिथून सिंक होऊन मशीनवर उतरायचं. म्हणजे दुकान, पैसे, क्लाउड आणि सिंक, चारही धड चालले तर एक गाणं हातात. त्यातून एमपीथ्री वाजवायला लागणारं कोडेक पेटंटच्या भानगडीमुळे सिस्टीमसोबत येत नसे, ते वेगळं घालावं लागे. २०१४ च्या जूनमध्ये उबुंटू वनच बंद झालं.

त्याआधी २००६ साली अमारॉक १.४.४ या प्लेअरने मॅग्नाट्यून हे ऑनलाइन संगीताचं दुकान जोडलं, ते निम्मं तरी शहाणपणाचं होतं. अख्खा कॅटलॉग फाइल म्हणून उतरवायचा आणि प्लेअरच्याच यादीत दाखवायचा. शोध प्लेअरचा, पूर्ण गाणं आधी ऐकायची सोयही तिथेच. चुकलं एवढंच की कार्डाचा नंबरही प्लेअरच्याच डायलॉगमध्ये टाकायचा. आज कुणी असं करू नये.

आपल्याकडे तर अजिबातच नको. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची आहे, म्हणजे बँकेचं ओटीपीचं पान मध्ये येणारच. ते पान बऱ्याचदा नवी खिडकी मागतं. वेबकिटजीटीकेमध्ये (वेबकिटची लिनक्सवरची आवृत्ती) त्यासाठी ‘क्रिएट’ सिग्नल हाताळावा लागतो. तो जोडला नसेल तर ‘पे’ दाबल्यावर काहीच होत नाही, एररसुद्धा येत नाही. यूपीआयची तऱ्हा निराळी. क्यूआर दाखवणारं पान पैसे येईपर्यंत जिवंत राहायला हवं. गिऱ्हाईक मोबाइलवर पिन टाकेपर्यंत प्लेअरमध्ये दुसऱ्या यादीवर गेला आणि दुकानाच्या प्लगइनने वेबव्ह्यू (पान दाखवणारा चौकोन) मोडीत काढला, की पैसे कापले गेले आणि ऑर्डर लोंबकळत. शिवाय त्या खिडकीत पत्त्याची पट्टी नसते. पान खरंच बँकेचं आहे का, हे बघायचं कुठे?

म्हणून लॉगिन आणि पेमेंट दोन्ही सिस्टीमच्या ब्राउझरमध्ये. लॉगिनसाठी आरएफसी ८२५२ या इंटरनेट मानकात सांगितलेली पद्धत घ्या: प्लेअर १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनच्या आतल्या पत्त्यावर, कुठल्या तरी मोकळ्या पोर्टवर कान देऊन बसतो, ब्राउझर तिथे कोड परत पाठवतो. तो कोड दुसऱ्या कुणी पळवला तरी वापरता येऊ नये म्हणून असलेली पीकेसीई ही पडताळणी वगळू नका. मिळालेलं टोकन (लॉगिनची डिजिटल किल्ली) कीरिंगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या पासवर्डांच्या तिजोरीत ठेवा, सेटिंग्जच्या उघड्या फाइलमध्ये नाही.

खरं काम पैसे दिल्यानंतर सुरू होतं. डाउनलोड चालू असताना फाइल थेट संगीताच्या फोल्डरमध्ये लिहिलीत, तर त्यावर लक्ष ठेवून असलेला प्लेअर अर्धीच फाइल यादीत घेतो. मग चार मिनिटांचं गाणं सव्वा मिनिटाचं दिसतं. तात्पुरत्या नावाने उतरवा, आकार ताडून बघा, मग नाव बदला. ही तात्पुरती फाइल ‘टेंप’मध्ये नको. ते अनेकदा वेगळ्या फाइल सिस्टीमवर असतं, आणि मग नाव बदलणं एका फटक्यात होत नाही, कॉपी होते. संगीताच्या फोल्डरच्या आतच एक लपवलेला फोल्डर करा आणि तो स्कॅनमधून वगळा. डाउनलोडच्या लिंकची मुदत संपते, हेही धरून चाला. तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करताना जुनीच लिंक मारू नका, दुकानाकडून ताजी मागा.

आता नावं. इथे मराठी गाणी असली की खरी मजा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘ज्ञानेश्वरी’ दिसायला आटोपशीर, पण काना-मात्रा-हलन्त धरून ११ चिन्हं, ३३ बाइट. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे ८५ चिन्हं. क्रमांक, गाणं, चित्रपट आणि तीन गायक एका नावात कोंबलेत की डाउनलोड शंभर टक्के होऊन फाइल मात्र बनत नाही. नाव कापायचं तर अख्ख्या अक्षरावर कापा, अक्षराच्या मधल्याच बाइटवर नव्हे.

‘वाऱ्यावर’ मधला ऱ आणखी खोडकर. तो एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नाव साठवताना त्याचे दोन तुकडेच करते. दिसायला दोन्ही सारखे, तुलना केली की वेगळे. मग विकत घेतलेलं गाणं ‘मिळालं नाही’ म्हणून प्लेअर पुन्हा उतरवत बसतो. तुलनेआधी दोन्ही बाजू एनएफसीमध्ये, म्हणजे युनिकोडच्या जोडून लिहिलेल्या एकसारख्या रूपात आणा. आणि अल्बम आर्टिस्टचा टॅग भराच. नाहीतर आठ गाण्यांच्या चित्रपटाचे गायकागणिक पाच अल्बम होतात.

राहता राहिला पैसा. बॅन्शी या प्लेअरच्या अॅमेझॉन एमपीथ्री प्लगइनचं रेफरल कमिशन (गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल दुकान देतं ते) पूर्णच्या पूर्ण ग्नोम फाउंडेशनला, म्हणजे ग्नोम डेस्कटॉपमागच्या संस्थेला, जायचं. २०११ मध्ये बॅन्शी उबुंटू ११.०४ चा मुख्य प्लेअर होणार म्हटल्यावर उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने त्यातले ७५ टक्के स्वतःकडे घेऊन २५ टक्के ग्नोमला ठेवले. बराच धुरळा उडाला, पण बॅन्शीचा परवाना एमआयटीचा, म्हणजे कुणालाही कोड बदलू देणारा. रेफरल कोड बदलायला कायद्याची आडकाठी नव्हतीच. त्यामुळे दुकानाशी बोलणी करण्याआधीच प्रोजेक्टच्या पानावर लिहून टाका: कोड कुणाचा, रक्कम कुठल्या खात्यात जाणार, आणि वितरकाने कोड बदलला तर त्याला तुमच्या प्लेअरचं नाव वापरता येईल की नाही. कोड खुला असला तरी नावावरचा हक्क तुमच्या हातात राहू शकतो.